पुढचं घर कुणाचं?

इसिडोर मिस्किटाला कॉम्प्युटरची फोर्ट्रान भाषा येत होती, आणि एकोणीसशे त्र्याहत्तर साली मरोळच्या पाखाडीत ही गोष्ट विलायतेला जाऊन आल्यासारखीच मानली जाई. पाखाडी म्हणजे अंधेरीचं जुनं ख्रिस्ती गाव. कौलारू घरं, त्यांच्यामधून मनाला येईल तशी वळणारी बोळ, बोळीच्या तोंडाशी क्रूस आणि पार शेवटाला एका शेठची चाळ. इथल्या लोकांच्या समजुतीप्रमाणे इसिडोर रोज चेंबूरच्या कचेरीत जाऊन भिंतीएवढ्या यंत्राशी गप्पा मारत असे. त्याची बायको एथेल म्हणे, "घरी आला की तोंडात मिठाची गुळणी. सगळं बोलणं तिकडंच संपवून येतो."

त्या वर्षी कचेरीत एक नवी भाषा आली. नाव पीएल-वन. तिचं पुस्तक उशाला घेतलं तर मान धरेल एवढं जाड होतं. देवस्थळी साहेबांनी ते इसिडोरच्या टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "मिस्किटा, ऑक्टोबर संपला की सगळ्या स्टाफला हे समजावून सांगायचं. विशेषतः ते पॉइंटर प्रकरण. मलाही जरा... म्हणजे मला येतंच, पण इतरांसाठी." साहेबांना नाही म्हणायची पद्धत मिस्किटांच्या घराण्यात नव्हती. तो हो म्हणाला आणि त्या क्षणापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

आता अ‍ॅरे म्हणजे काय, हे इसिडोरला झोपेतही सांगता आलं असतं. अ‍ॅरे म्हणजे चाळ. एका रांगेत सारख्या खोल्या, दारावर नंबर. पाचव्या खोलीत काय आहे म्हटलं की सरळ पाचव्या खोलीत जायचं, वाटेत कुणाला काही विचारायचं नाही. फोर्ट्रान या खोल्या एकपासून मोजतं, सभ्य माणसं मोजतात तशा. त्याचा मित्र जयवंत मात्र यंत्राच्या मूळ भाषेत काम करायचा आणि शून्यापासून मोजायचा. "पहिल्या खोलीशी पोचायला किती खोल्या ओलांडाव्या लागतात? एकही नाही. म्हणून ती शून्य," असं तो म्हणे. हे ऐकायला बरोबर वाटे आणि पटत नसे, अशी काही माणसं असतात, तसं ते होतं.

जयवंतला अल्गॉल नावाची आणखी एक भाषाही येत होती, आणि त्यावरून तो फोर्ट्रानला हिणवायचा. दहा खोल्यांच्या चाळीत कुणी अकरावी खोली मागितली, तर अल्गॉल दारातच अडवून विचारतं, कुठं निघालात? फोर्ट्रान काही विचारत नाही. दहाव्या खोलीच्या पुढं जे काही असेल, त्यालाच अकरावी खोली समजून आत शिरतं, मग तिथं दुसऱ्याचा संसार का मांडलेला असेना. इसिडोर यावर म्हणे की विश्वास नावाची काही चीज असते.

पण पॉइंटर? तो काही केल्या डोक्यात शिरेना. कँटीनमध्ये त्याने शेवटी जयवंतलाच धरलं.

"या पॉइंटरच्या खोक्यात नक्की असतं काय?"

"दुसऱ्या खोक्याचा पत्ता."

"आणि माल?"

"माल त्या पत्त्यावर."

"अरे, मग मालच ठेवा ना इथं! मला भूक लागलीय आणि तू डबा सोडून डबेवाल्याचा पत्ता देतोयस!"

जयवंतने शांतपणे इसिडोरच्या ताटलीतला शेवटचा वडा उचलला. "समज, वडा आता इकडे राहायला आला. तुझ्याकडे पत्ता असेल तर तेवढा बदलायचा. बाकी काही हलवायला नको. कळलं?"

इसिडोरला एवढंच कळलं की वडा गेला.

अशा मनःस्थितीत तो संध्याकाळी पाखाडीत शिरला, तर बर्था आंटी ओट्यावर चणे निवडत बसलेली. बर्था आंटी विधवा, एकटी. तिचा नवरा आणि बेटी आंटीचा नवरा सख्खे भाऊ. बापाच्या एका घराची मधे भिंत घालून दोन झालेली, आणि दोन्ही जावांमध्ये त्याहून जाड भिंत उभी राहिलेली. कारण बाटली मसाला, वर्षभरासाठी कुटून बाटल्यांत भरून ठेवायचा तो. कुणाच्या तरी बारशाला बर्था आंटी चारचौघांत बोलून गेली होती की बेटीच्या मसाल्याला रंग हाय, पण वास रॉकेलचा. तेव्हापासून बोलणं बंद. पाखाडीला हे ठाऊक होतं आणि पाखाडीने त्याची सवयही करून घेतली होती.

"काय रं इसिडोर, तुझ्या त्या मशीनला सगळं म्हाईत असतं म्हणतात," आंटी म्हणाली. "मावली माझ्याकडं कधी येणार, तेवढं विचार तिला."

ऑक्टोबर तोंडावर आला होता, आणि ऑक्टोबर म्हणजे रोजरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. क्रुसाजवळच्या कोनाड्यातली मारिया मावलीची मूर्ती बाहेर निघे आणि रोज संध्याकाळी एकेका घरी पाहुणी जाई. तिथं शेजारपाजार जमून रोजरी म्हणायची, गाणी म्हणायची, उकडलेले चणे खायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या घराने मूर्ती आपल्या "पुढच्या घरी" पोचवायची. पुढचं घर म्हणजे शेजारचं घर नव्हे. कुणाचं पुढचं घर नात्यातलं, कुणाचं जुन्या विहिरीवरच्या मैत्रीतलं. ज्याचं त्याला आपलं पुढचं घर तेवढं ठाऊक. आदल्या संध्याकाळी निरोप येई, "उद्या तुमच्याकडं हां," की चणे भिजत घालायचे. सगळी वाट कुणालाच ठाऊक नव्हती, आणि तसं कुणाला कधी वाटलंही नव्हतं.

"तुझ्याकडं येत नाही?" इसिडोरने विचारलं.

"तीन वरसं झाली. ऑक्टोबरात रोज वाटतं, आज निरोप येईल. चणे भिजवते आणि मग मीच खाते." आंटीने एक खडा काढून बाहेर फेकला. "माझं काय चुकलं, ते मावलीलाच विचारलं असतं. पण ती येतच नाय तर विचारू कुणाला?"

इसिडोरला वाईट वाटलं. आणि त्याचा ऊरही किंचित फुगला, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण कॉम्प्युटरवाल्याला आज पहिल्यांदाच पाखाडीने काम सांगितलं होतं. "आंटी," तो म्हणाला, "या वर्षी मावली तुझ्याकडं येणार. माझा शब्द."

शब्द दिल्यावर त्याने जे केलं, ते फोर्ट्रानवाल्याने करावं तेच केलं. पाखाडीची चाळ करायची ठरवली. प्रत्येक घराला नंबर, प्रत्येक नंबराला तारीख, प्रत्येक घराच्या हातात एक चिठ्ठी: तुमचा नंबर हा, तुमची तारीख ही, तुमच्यानंतर अमुक नंबर. चिठ्ठ्या छापणार कॉम्प्युटर. फादर बर्नार्डना ही कल्पना फारच आवडली. त्यांना मूर्तीपेक्षा चिठ्ठ्यांचं जास्त अप्रूप वाटलं.

पहिला प्रश्न निघाला, एक नंबर कुणाचा? क्रुसाजवळच्या घराचा म्हणावं तर ते घर परवा परवा बांधलेलं. सर्वांत जुन्या घराचा म्हणावं तर सर्वांत जुनी घरं पाच निघाली. एथेलने सुचवलं, आपलाच घ्या एक नंबर, एवढी मरमर कोण करतंय? इसिडोर दमून गेला आणि त्याने कचेरीत जयवंतला विचारलं. जयवंत म्हणाला, "शून्यापासून सुरू कर. म्हणजे पहिल्याचा मानही राहतो आणि एक नंबरावरून भांडणही नाही."

हा शून्याचा मान जॉनी रॉड्रिग्जच्या वाट्याला आला. जॉनी म्हणजे गोदीतला रिटायर फोरमन, आवाज भोंग्यासारखा.

"मी शून्य?" तो बोळीत उभा राहून ओरडला. "चाळीस वरसं गोदीत काढली, आणि पाखाडीत मी शून्य? याच्यापेक्षा मला सगळ्यात शेवटी टाक ना!"

म्हणून जॉनीला सर्वांत शेवटचा, एकतिसावा नंबर मिळाला आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेलाच घरं संपतात हे पाहून इसिडोरला आपली ही योजना देवालाही मान्य आहे असं वाटलं.

मग त्याने लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि रविवारभर खपून प्रत्येक दारावर ठसठशीत नंबर रंगवले. सोमवारी सकाळी पाखाडीत आकांत झाला. दारावर लाल नंबर म्हणजे रस्ता रुंदीकरण, आणि रस्ता रुंदीकरण म्हणजे घरं पाडणार, हे मुंबईत कुणालाही सांगावं लागत नाही. इसिडोर कचेरीत असताना एक शिष्टमंडळ वॉर्ड ऑफिसात धडकलं. तिथल्या सुलक्षणाबाईंनी सगळी कपाटं उघडून पाहिली आणि सांगितलं, "आमच्याकडे या पाखाडीबद्दल काहीच कागद नाही. म्हणजे प्रकरण वरच्या पातळीवरचं दिसतंय." हे ऐकून दोन घरांनी सामान बांधायला घेतलं. संध्याकाळी इसिडोरला घरोघर जाऊन माफी मागावी लागली, आणि माफी मागताना त्याच्या नखांतला लाल रंग सगळ्यांना दिसत होता.

एवढं होऊन चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, तेव्हा लक्षात आलं की बर्था आंटीला नंबरच नाही. दोन जावांचं घर मुळात एक, तुळशीच्या रोपाएवढ्या अंगणाला दार एकच, तिथं त्याने एकच नंबर रंगवला होता आणि चिठ्ठी बेटीच्या हातात गेली होती. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच बाहेर! इसिडोर मनातून शरमला. त्याने बर्थाला बेटीच्या नंतर घातलं आणि तिथून पुढच्या सगळ्यांना एकेक दिवस पुढं सरकवलं. रांगेत मधे एक खोली घालायची तर बाकीच्यांनी बिऱ्हाड हलवायचंच, दुसरा इलाज नसतो. शेवटी जागा व्हावी म्हणून त्याने जॉनीच्या अलीकडचं स्वतःचं घर यादीतून काढलं, म्हणजे जॉनीचा एकतीस तसाच राहिला. एथेल दोन दिवस बोलली नाही.

पण सरकवून घ्यायला ते काय आकडे होते? एकाने उत्तनहून मेहुणे बोलावले होते. एकीने डुकराचं मटण सांगून ठेवलं होतं. कुणी जुनी चिठ्ठी धरून बसलं, कुणी नवी, आणि पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी मावली ज्या घरी गेली तिथं कुणी नव्हतं आणि जिथं चाळीस माणसं चणे घेऊन बसली होती तिथं मावली नव्हती. लोकांनी चिठ्ठ्या चुलीत घातल्या आणि पूर्वीसारखं "उद्या तुमच्याकडं हां" सुरू झालं. फादर बर्नार्ड इसिडोरला पाहून रस्ता बदलू लागले.

इसिडोरला आता एकच आशा होती. बर्था आंटीला दिलेली तारीख. त्या दिवशी त्याने कचेरीतून लवकर सुटी घेतली. आंटीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ओटा सारवला होता. चण्यांना कढ येत होता. दिवेलागण झाली, जवळच्या घरांतून माणसं आली, बसली. मावली काही आली नाही.

"येईल," इसिडोर म्हणाला आणि बाहेर पडला. कोनाडा रिकामा होता. चौकशी केली तेव्हा कळलं की मावली कुठं आहे हे पाखाडीत कुणालाच माहीत नाही.

मग त्याने एकच काम केलं जे त्याला करता येण्यासारखं होतं. शरमेने तो रोजरीला जाईनासा झाला होता, तरी परवा ती कुठं झाली एवढं कानावर आलं होतं; त्या घरी जाऊन विचारलं, "तुम्ही कुणाला दिली?"

"आमचं पुढचं घर बेटीचं. तिला दिली."

म्हणून तो बेटीकडे गेला. बेटी आंटी भाकऱ्या थापत होती. पलीकडच्या चण्यांचा वास तिच्या स्वयंपाकघरात येत होता आणि तो येत नसल्याचा चेहरा तिने केला होता.

"मी जॉनीला दिली. आज दुपारी."

"जॉनीला? पण मधे बर्था आंटी..."

"माझं पुढचं घर जॉनीचं," बेटी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "तीन वरसं झाली."

 इसिडोर तसाच मागे वळून बर्था आंटीकडे गेला आणि दारातूनच विचारलं, "आंटी, तुझ्याकडं मावली आली तर तू पुढं कुणाला देतेस?"

"जॉनीला," आंटी म्हणाली. "सासूच्या वेळेपासून जॉनीचंच घर."

तो अंगणात उभा राहिला. बेटी म्हणते जॉनी. बर्था म्हणते जॉनी. आणि बर्थाचं नाव कोण घेतं? कुणीच नाही. घर होतं तिथंच होतं, दिवा लागलेला होता, आपलं पुढचं घर कोणतं हेही त्या घराला पाठ होतं. फक्त सबंध पाखाडीत एकही तोंड आता त्या घराकडे बोट दाखवत नव्हतं. मूर्ती रोज पुढं जात होती म्हणून काही तुटलंय हेही कुणाला दिसलं नव्हतं.

"पॉइंटर!" इसिडोर मोठ्याने म्हणाला. अंगणातली कोंबडी दचकली. इतके दिवस जे पुस्तकात सापडत नव्हतं ते त्याच्या समोर तीन दारांमध्ये पसरलेलं होतं, आणि त्याला आनंद झाला, आणि त्याच वेळी ओट्यावर लुगड्याचा पदर नीट करून बसलेली आंटी दिसली आणि त्याला त्या आनंदाची लाजही वाटली.

पण मूर्ती कुठं होती? तो जॉनीकडे धावला.

"माझ्याकडं नाय," जॉनी म्हणाला. तो या क्षणाची वाटच पाहत होता. "माझी तारीख एकतीस. आज एकतीस हाय? नाय. मग मी कशी ठेवणार? तुझ्या कॉम्प्युटरची चिठ्ठी मी चुलीत नाय घातली. तिच्यात लिवलंय, तुमच्यानंतर नंबर बत्तीस. मी बत्तीसला पोचवली."

"बत्तीस? यादीत घरं एकतीसच आहेत!"

"ते तू मशीनला विचार."

इसिडोरने कपाळावर हात मारला. प्रत्येक चिठ्ठीवर आपल्या नंबरात एक मिळवून छाप, एवढंच त्याने सांगितलं होतं. शेवट आला की थांब, हे सांगायचं राहिलं, आणि फोर्ट्रानने नेहमीच्या विश्वासाने छापून टाकलं. पाखाडीचा बत्तीस नंबर नव्हता. पण पाखाडी जिथं संपते तिथून शेठची चाळ सुरू होते, आणि तिथं खोली नंबर बत्तीस होती. तिथं काशीराम तावडे राहायचा, मूळचा मालवणकडचा, पूर्वी गिरणीत आणि आता मरोळच्या एका कारखान्यात.

दार उघडंच होतं. मारिया मावली गणपतीच्या चौरंगावर बसली होती. समोर समई, जास्वंदाचं फूल, वाटीत खोबरं-साखर. काशीरामची बायको रुक्मिणी तिच्यापुढं ओटी मांडत होती. नारळ, मूठभर तांदूळ, खण.

"वहिनी, माफ करा," इसिडोर धापा टाकत म्हणाला. "ही चुकून आली तुमच्याकडं."

"चुकान येवक ती काय पोस्टाची चिठी आसा?" रुक्मिणी म्हणाली. "बाईमाणूस दारात इली. ओटी भरल्याशिवाय कशी धाडू? जरा थांबा."

इसिडोर थांबला. ओटी भरून झाली. मूर्ती उचलून निघताना रुक्मिणीही पदर सावरून बरोबर निघाली, कारण पाहुणीला पोचवायला बोळीच्या तोंडापर्यंत तरी जायचं असतं.

बर्था आंटीचं दार समोर होतं. चार पावलं टाकून मूर्ती ठेवली की शब्द पुरा झाला असता. इसिडोरने पाऊल उचललं आणि थांबला. मी ठेवली तर मावली आज येईल. पुढच्या ऑक्टोबरला? मी काही बर्था आंटीच्या मागचं घर नाही. बदलायचंय ते एकाच ठिकाणी, आणि ती जागा भाकऱ्या थापतेय.

तो बेटीच्या दारात गेला. "बेटी आंटी, मावली तुझ्या घरातून निघाली होती. तूच पोचव."

"जॉनीला?"

इसिडोरने मूर्ती पुढं केली. बेटीने त्याच्याकडे पाहिलं, ओटीकडे पाहिलं. "हे काय? हा खण कुणी दिला?"

"मी," रुक्मिणी म्हणाली. "पयल्यांदाच इली आमच्याकडे."

बेटी बराच वेळ हाताचं पीठ झटकत राहिली. परक्या बाईने ओटी भरून पाठवलेली मावली सख्ख्या जावेच्या दारावरून पुढं न्यायची, हे तिला त्या परक्या बाईसमोर जमेना. शेवटी तिने मूर्ती घेतली, अंगण ओलांडलं आणि बर्थाच्या उंबऱ्यावर उभी राहून भिंतीकडे बघत म्हणाली, "माझं पुढचं घर तुझं."

बर्था आंटी उठली.  तिने मूर्ती घेतली, छातीशी धरली आणि पहिल्यांदा चणेच आठवले तिला. "बस ना," ती म्हणाली. "चणे निवतील."

रोजरी झाली. चणे वाटले. बेटीने दोन चणे तोंडात टाकले आणि सगळी पाखाडी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मसाला कुठला?" बेटीने विचारलं.

"माझाच."

"बरा हाय," बेटी म्हणाली. "रंग कमी हाय."

जॉनीने त्याच बैठकीत जाहीर करून टाकलं की यापुढं त्याचं पुढचं घर रुक्मिणीवहिनींचं, आणि त्याचं जे पूर्वीचं पुढचं घर होतं ते आता वहिनींचं पुढचं घर. दोन माणसांनी दोन वाक्यं बोलायची, बाकी कुणाचा दिवस, मेहुणा किंवा मटण हलायचं कारण नाही. इसिडोर आनंदाने ओरडणार होता, पण एथेलने त्याचा हात दाबला.

नोव्हेंबरात कचेरीत भाषण झालं. देवस्थळी साहेब पहिल्या रांगेत होते. इसिडोरने फळ्यावर काही घरं काढली आणि त्यांच्यामध्ये वाकडेतिकडे बाण काढले.

"पॉइंटर म्हणजे माल नव्हे," तो म्हणाला. "पुढचं घर कुणाचं, एवढंच."

"आणि एखाद्याने मधलं घर वगळलं तर?" जयवंतने मागून विचारलं. "काय बिघडतं? पुढचं सगळं चालूच राहतं ना?"

"राहतं. म्हणून तर कळत नाही." इसिडोरने फळ्यावरच्या एका घराकडे येणारा बाण पुसला. "घर तिथंच असतं. दिवा लावून, चणे उकडून बसलेलं असतं. फक्त त्याच्याकडं कुणी येत नाही."

 देवस्थळी साहेबांनी पुस्तक पुढून मागून चाळलं आणि चष्मा काढला.

"मिस्किटा, सगळं कळलं," ते म्हणाले. "पण या पुस्तकात चणे कुठल्या पानावर आहेत?"